वाळूच्या गाड्यांना बायपास फिल्टर: तीन गाड्यांवर काय दिसलं

आमच्या गाड्या कासार्डे-पियाळी भागातली सिलिका वाळू भरतात, करूळ घाटानं गगनबावड्याला चढतात आणि शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत खाली होतात. करूळ बंद असला तर फोंड्यानं. फेरी लांबची नाही, पण चढ, लोड आणि वाळू या तिन्हीचा मारा इंजिनावर एकदमच होतो. क्वार्ट्झची वाळू स्टीलला ओरखडा काढते. भरताना लोडरचा बकेट उलटला की पांढरा धुरळा केबिनच्याही वर जातो, आणि त्यातलाच थोडा एअर क्लिनरपर्यंत पोचतो. (भरणाऱ्या माणसांच्या छातीत जातो तो वेगळाच. इंजिनाला निदान पेपर फिल्टर असतो, त्यांच्या तोंडाला रुमाल.)

एका गाडीचं इंजिन वेळेच्या बरंच आधी खोलावं लागलं. लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, वरच्या बाजूला पायरी पडलेली, पिस्टनच्या रिंगा पातळ झालेल्या, बेअरिंगांवर बारीक रेघा. इंजिन बांधायचा खर्च आणि गाडी उभी राहिल्याचा तोटा धरून दोन लाखांच्या आसपास गेले. मग बाकीच्या गाड्यांचं काय करायचं म्हणून बायपास फिल्टरचा, म्हणजे थोडं इंजिन ऑईल बाजूला काढून बारीक गाळणाऱ्या जादा फिल्टरचा, विषय निघाला.

कल्पना नवी नाही. आमच्या मिस्त्रींची अर्धी उमर साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. विषय काढला तसं ते म्हणाले, "मालक, कारखान्यावरच्या कमिन्स जनरेटरला शेजारी एक जाडजूड डबा असायचा बघा, एलएफ ७७७. त्योच की ह्यो." खरं आहे. ८५५ मालिकेच्या इंजिनांना नेहमीच्या ऑईल फिल्टरशिवाय हा वेगळा बायपास फिल्टर असायचा. व्होल्व्होच्या तेरा लिटर इंजिनाला आजही तीन ऑईल फिल्टर असतात, दोन नेहमीचे आणि एक बायपास. मुळात १९२३ च्या सुमाराला अमेरिकेत प्युरोलेटर नावानं मोटारींसाठी पहिला ऑईल फिल्टर आला, तोही बायपास पद्धतीचाच होता. सगळं ऑईल गाळून मग बेअरिंगला द्यायची पद्धत नंतरची.

फरक एवढाच, की नेहमीच्या फिल्टरमधून पंपाचं सगळं ऑईल जावं लागतं, म्हणून त्याचा कागद फार बारीक करता येत नाही. तो साधारण वीस ते चाळीस मायक्रॉनपर्यंतचा कचरा धरतो. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल. बायपासमध्ये पंपाचं पाच-दहा टक्के ऑईल बाजूला काढून सावकाश, दाट माध्यमातून गाळतात आणि परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीत, सोडतात. घाई नसल्यामुळे दोन-तीन मायक्रॉनपर्यंत उतरता येतं. आणि झीज करणारा माल बहुतेक पाच ते वीस मायक्रॉनमधलाच, कारण बेअरिंग आणि त्यात फिरणारा जर्नल यांच्यामधली ऑईलची फिल्मही तेवढीच जाड.

प्रत्येक विक्रेता जनरल मोटर्सच्या १९८८ सालच्या एका अभ्यासाचा दाखला देतो: ४० मायक्रॉनऐवजी ३० चा फिल्टर लावला की झीज निम्म्यानं कमी, १५ चा लावला की ७० टक्क्यांनी कमी. आकडे बरोबर आहेत. पण ती चाचणी झीज मुद्दाम झपाट्यानं घडवून केलेली होती, हे कोणी सांगत नाही. पुणे-बंगळूर हायवेवर पार्सल नेणाऱ्या गाडीला ते आकडे जसेच्या तसे लावणं चूक. आमच्या गाड्यांना मात्र मुद्दाम धूळ पाजायची गरज नाही.

बाजारात शोधायला लागलो तेव्हा तीन जातींचे प्रकार समोर आले. पहिला, दाबून गुंडाळलेल्या कागदाचा किंवा सेल्युलोजचा गठ्ठा. याचा अमेरिकेतला पूर्वज फ्रँट्झ, त्यात चक्क टॉयलेट पेपरचा रोल बसवायचे. आताच्या डब्यांमध्ये खास बनवलेला रोल असतो, पण तत्त्व तेच: ऑईल कागदाच्या थरांमधून लांबच्या लांब वाट काढत जातं. या कागदाचा एक गुण म्हणजे तो थोडंफार पाणीही शोषतो. पावसाळ्यात गगनबावड्यात गाड्या उभ्या राहतात त्यांना हे उपयोगी. दुसरा, सिंथेटिक माध्यमाचा नेहमीच्या फिल्टरसारखा फिरवून बसवायचा. ॲम्सऑईलचा या प्रकारातला फिल्टर दोन मायक्रॉनला ९८.७ टक्के असं लिहून देतो. तिसरा, सेंट्रिफ्यूज. यात गाळायला कागदच नाही. ऑईलच्याच प्रेशरनं आतला रोटर हजारो आरपीएमनं फिरतो आणि जड कण भिंतीला जाऊन चिकटतात. स्कॅनियाच्या इंजिनांवर हा कंपनीतूनच बसवलेला येतो. चौथाही एक आहे, पुण्यात फ्लीटगार्ड बनवते तसा एकाच डब्यात दोन्ही माध्यमं असलेला, पण तो ज्या इंजिनांसाठी बनलाय त्यांनाच बसतो. आमच्यांना बसत नव्हता, त्यामुळे विषय संपला.

विक्रेत्यांशी बोलताना एक गोष्ट ध्यानात आली. "दोन मायक्रॉन" हे दोन शब्द एकटे काहीच सांगत नाहीत. किती टक्के, ते विचारायचं. दोन मायक्रॉनचे अर्धे कण धरणारा फिल्टरही दोन मायक्रॉनचाच म्हणून विकला जातो. ९८.७ टक्के म्हणजे पंचाहत्तर कणांतला एक निसटतो. पन्नास टक्के म्हणजे दोनातला एक. दोघांच्या डब्यावर आकडा मात्र सारखाच. फिल्टर किती टक्के कण धरतो ते मोजायची एक ठरलेली चाचणी असते. मी फोनवर विचारायचो, "आयएसओ ४५४८-१२ ची टेस्ट आहे का?" निम्मे जण तिथंच गप्प व्हायचे. एकानं तर उलट मलाच विचारलं, "साहेब, तुम्ही गाड्या चालवता की लॅब?"

फिल्टर घेण्याआधी मी ऑईल डीलरमार्फत तीन गाड्यांच्या ऑईलची सँपल लॅबला पाठवली. तिन्ही गाड्या एकाच सालच्या, बीएस-४, एकाच इंजिनाच्या, ऑईलही एकाच दर्जाचं, सीआय-४ प्लस १५डब्ल्यू-४०. सँपल घ्यायची रीत साधी आहे, पण पाळावी लागते. इंजिन गरम असताना प्लग काढायचा, पहिली धार जाऊ द्यायची, मधल्या धारेखाली बाटली धरायची. गॅरेजमधली पाण्याची बाटली धुऊन वापरली तर पाणी येतंच.

दोन रिपोर्ट बरे होते. तिसऱ्या गाडीचा सिलिकॉन, म्हणजे वाळू-धुळीची खूण, बाकी दोघांच्या दुपटीहून जास्त आणि लोखंडही वाढलेलं. लॅबचा माणूस फोनवर म्हणाला, "गॅस्केटला सिलिकॉन सीलंट लावलंय का? त्यानंही आकडा वाढतो." प्रश्न रास्त होता. रस्त्याची साधी धूळ असेल तर सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियमही वाढतं, कारण मातीत ते असतं. इथं ॲल्युमिनियम जागच्या जागी. म्हणजे एक तर सीलंट, नाहीतर शुद्ध सिलिका वाळू, जिच्यात ॲल्युमिनियम नावालाच. पण सीलंट लायनर घासत नाही. लोखंड आणि क्रोमियम दोन्ही वर चढले होते, म्हणजे लायनर आणि रिंगा. माझ्या मते तिथंच उत्तर होतं.

मिस्त्रींनी एअर क्लिनरपासून टर्बोपर्यंतचा होज काढला. वरून ठणठणीत. आत बोट फिरवलं तर पिठासारखी पांढरी भुकटी बोटाला. टर्बोकडच्या टोकाची क्लिप एका बाजूला सैल, आणि तिच्याखालचं रबर कापरासारखं ठिसूळ झालेलं. बाजूच्या सांध्यावर धुरळ्याची बारीक रेघ उमटलेली, हवा नेमकी कुठून ओढली जात होती ते दाखवणारी. ड्रायव्हर मामा बघत उभे होते, म्हणाले, "ही क्लिप मी कितींदा आवळली असंल. आवळली की दोन दिस राहत्या." रबरच मेलेलं, त्याला क्लिप काय करणार. होज नवा टाकला, क्लिप बदलल्या, एअर क्लिनरच्या डब्याचं सील बदललं. एकूण खर्च फिल्टर किटच्या दहाव्या हिश्शाइतकाही नाही.

तिथंच थांबता आलं असतं. पण बेअरिंगांवरच्या रेघा डोळ्यांसमोर होत्या, आणि तुलना करायला एकसारख्या तीन गाड्या हाताशी, असा योग पुन्हा कधी येणार! एकीला कागदी रोलचा डबा बसवला, दुसरीला सेंट्रिफ्यूज, आणि होज बदललेली तिसरी तशीच ठेवली. सिंथेटिक माध्यमाचा विचार किमतीमुळे मागे पडला. बाहेरून मागवायचा, त्यावर ड्युटी, आणि फिल्टर संपला की पुन्हा तोच फेरा.

बसवायचं काम कागदावर अर्ध्या दिवसाचं. ऑईल प्रेशर स्विचच्या जागी टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, टाकायची, तिथून बारीक भोकाची नळी फिल्टरला, फिल्टरमधून परत चेंबरला. भोक दीड-दोन मिलिमीटरचं असतं आणि ते महत्त्वाचं आहे. गरम इंजिन आयडलिंगला असताना प्रेशर आधीच उतरलेलं असतं. तिथं मोठी वाट करून दिली तर बेअरिंगच्या वाट्याचं ऑईल फिल्टर खाईल. एका गॅरेजवाल्यानं "फ्लो जास्त मिळतो" म्हणून ते भोक ड्रिल मारून मोठं केलेलं मी पाहिलंय. हात जोडायचे अशा कामाला.

खरी अडचण आट्यांची. किटबरोबर आलेल्या फिटिंग एनपीटी या अमेरिकी आट्याच्या, आणि आपल्याकडे कोपऱ्यावरच्या हायड्रॉलिक दुकानात मिळतात त्या बीएसपी, म्हणजे ब्रिटिश आट्याच्या. पाव इंचात एनपीटीला इंचात १८ आटे, बीएसपीला १९. दोन-तीन आटे हातानं आरामात जातात, माणसाला वाटतं बसलं. मग अडकतं. पान्ह्यानं जोर दिला की बसतं, पण आटे फिरवून बसतं, आणि मग कितीही टेफ्लॉन गुंडाळा, गरम झालं की पाझरणारच. इंजिन ब्लॉकचा आटा तर मेट्रिक. शेवटी शिरोलीच्या लेथवाल्याकडून एका बाजूला मेट्रिक, दुसऱ्या बाजूला बीएसपी असा ॲडाप्टर वळवून घेतला, तांब्याचे वायसर घातले आणि किटच्या फिटिंग ड्रॉवरमध्ये टाकल्या. होज दोन टोकांना क्रिम्प करून घेतलेला हायड्रॉलिकचा. क्लिपवाला साधा होज इथं चालत नाही. हा पाईप सुटला तर चेंबर रिकामं व्हायला फार वेळ लागत नाही, आणि घाटात ड्रायव्हरचं लक्ष रस्त्याकडे असतं, मीटरकडे नाही. डबा चेसिसला लावला आणि होजला ढील ठेवली, कारण इंजिन हलतं, चेसिस त्याच्याबरोबर हलत नाही.

सेंट्रिफ्यूजचं आणखी एक पथ्य. त्यातून बाहेर पडणाऱ्या ऑईलला प्रेशर नसतं, ते आपल्या वजनानंच खाली यायला हवं. म्हणजे तो चेंबरपेक्षा उंच, परतीचा पाईप जाड आणि सतत उताराचा. पाईपला कुठं पोट आलं की सेंट्रिफ्यूजच्या डब्यात ऑईल साचतं, रोटर त्यात बुडतो आणि मंदावतो. आमच्या गाडीत त्यासाठी जागा शोधण्यातच दिवस गेला. पण एकदा बसल्यावर या यंत्राची एक गोष्ट मला फार आवडली: ते चालतंय की नाही हे कानाला कळतं. इंजिन बंद केलं की रोटर अर्धा-एक मिनिट गुणगुणत राहतो. गुणगुण आली नाही तर रोटर भरलाय किंवा अडकलाय. कागदी डबा यातलं काही सांगत नाही. त्याच्या परतीच्या पाईपला हात लावून गरम आहे का ते बघायचं, एवढंच.

सेंट्रिफ्यूज पहिल्यांदा उघडला तेव्हा आतल्या कागदी अस्तरावर बोटाच्या पेराएवढा काळा थर होता. डांबरासारखा नाही, बुटाच्या पॉलिशसारखा घट्ट, सुरीनं कापता येईल असा. मिस्त्रींनी त्यातला तुकडा डिझेलमध्ये विरघळवून पांढऱ्या फडक्यावर ओतला. काजळी वाहून गेली आणि फडक्यावर बारीक कचकच उरली. ती बोटांत चोळून ते म्हणाले, "ही आपलीच वाळू." गगनबावड्याचा चढ कमी गियरमध्ये, जास्त आरपीएमला चढावा लागतो, तेव्हा सेंट्रिफ्यूज जोरात फिरतो. फाउंड्रीच्या गेटवर नंबर लावून आयडलिंगला उभं राहिलं की त्याचं काम जवळपास शून्य. कागदाला आरपीएमचं एवढं पडलेलं नसतं.

पुढचे रिपोर्ट येत गेले तसा अंदाज येत गेला. दोन्ही फिल्टरवाल्या गाड्यांची काजळी तिसरीपेक्षा कमी, लोखंडही कमी. कागदी डब्याचा निकाल थोडा सरस, आणि सेंट्रिफ्यूज वेळेवर साफ केलेला असला तर त्याच्या जवळपास. साफसफाई लांबली की दुसऱ्याच रिपोर्टमध्ये दिसायचं. पण आकड्यांत सगळ्यात मोठी घट कुठल्या गाडीची? जिला काहीच बसवलं नव्हतं, फक्त हवेचा होज बदलला होता, तिची.

हे रिपोर्ट वाचतानाही भुलायचं नाही. कागदी रोल बदलताना त्याच्याबरोबर दीडेक लिटर जुनं ऑईल जातं आणि तेवढंच नवं पडतं. त्या ताज्या ऑईलनं टीबीएन, म्हणजे ऑईलची ॲसिड मारायची उरलेली ताकद, वर येतो आणि धातूंचे पीपीएमचे (दहा लाखांत किती भाग) आकडे पातळ होतात, त्यात फिल्टरची करामत नसते. दुसरं असं, की लॅबचा स्पेक्ट्रोमीटर पाच-आठ मायक्रॉनच्या वरचे कण नीट पाहूच शकत नाही. तिसरं, बायपास असला की झिजलेलं लोखंड फिल्टरमध्ये जाऊन बसतं, मग ऑईलमध्ये ते कमी दिसणारच. आत एखादं बेअरिंग जायला लागलं तरी रिपोर्ट गोड येऊ शकतो. म्हणून जुना रोल टाकून न देता कापून उलगडतो, वरून लोहचुंबक फिरवतो, उन्हात धरून पितळी चमक दिसते का बघतो. लॅबच्या मधल्या काळात फिल्टर पेपरवर एक थेंब टाकून रात्रभर सपाट ठेवतो. डाग राखाडी होऊन सगळीकडे सारखा पसरला तर ऑईलमध्ये अजून दम आहे. मधोमध काळा ठिपका आणि त्याला कडक कड आली तर काजळी सांभाळायची ताकद संपली, मग किलोमीटर कितीही कमी झालेले असोत.

बायपासनं काय होत नाही हेही सांगतो. ऑईलमध्ये डिझेल उतरत असेल तर तो ते काढत नाही. कूलंट मिसळत असेल तर नाही. संपलेली ॲडिटिव्ह परत येत नाहीत. "आयुष्यभर ऑईल बदलू नका" म्हणणाऱ्याला मी सरळ फोन ठेवतो.

आता पैशाचं. माझ्या गाडीला फिल्टर धरून वीस लिटरच्या आत ऑईल लागतं. लिटरला तीनशे धरले तरी एका बदलीला सगळं मिळून साडेसहा हजार. आमचं रनिंग कमी, वर्षाला पन्नास हजार किलोमीटरच्या आत, आणि धुळीमुळे आम्ही वीस हजारांना ऑईल बदलतो. म्हणजे वर्षाला सोळा हजार. बायपास लावून अंतर दुप्पट केलं तर आठ वाचले. त्यातून वर्षाचे दोन रोल, अडीच हजारांचा एक, म्हणजे पाच गेले. उरले तीन हजार. किट, ॲडाप्टर, होज, मजुरी मिळून तीसेक हजार लागलेले. दहा वर्षांनी फिटणार! तोवर गाडीच विकलेली असेल. "ऑईलच्या बचतीत पैसे वसूल" हे गणित ज्यांच्या चेंबरमध्ये चाळीस लिटर ऑईल आहे आणि वर्षाला दीड-दोन लाख किलोमीटर पळतं त्यांचं. अमेरिकेत हे डबे खपतात ते तिथल्या मोठ्या चेंबरमुळे आणि लांबच्या पल्ल्यांमुळे. आमच्याकडे हिशेब बसलाच तर इंजिन बांधायचं दोन-तीन वर्षं पुढं गेलं तरच, आणि ते आत्ता कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणून असं केलं. कागदी डबा होता त्या गाडीवर राहू दिला, पण ऑईल बदलीचं अंतर दुप्पट न करता थोडंच वाढवलं. आणखी गाड्यांना तो लावला नाही. सेंट्रिफ्यूज काढून पियाळीला पाहुण्यांच्या वॉशिंग प्लँटवरच्या जनरेटरला दिला. तिथं इंजिन दिवसभर एका १५०० आरपीएमवर चालतं, प्रेशर हलत नाही, डबा उंचावर ठेवायला भिंत आहे आणि साफ करायला ऑपरेटर जागेवर. गाडीवर तो ड्रायव्हर आणि मिस्त्री यांच्यामध्ये लोंबकळत होता. साफ कोणी करायचा यावरच दर वेळी बोलणं व्हायचं.

बाकीच्या गाड्यांना डबे न लावल्यानं वाचलेल्या पैशातून प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डवर एअर क्लिनर चोक झाल्याचं दाखवणारा इंडिकेटर चालू करून घेतला. निम्म्या गाड्यांचा बंदच होता. हवेच्या होजच्या क्लिपा आता ऑईल बदलीच्या कार्डावर लिहिलेल्या आहेत, आणि होज ठरावीक काळानं तपासत न बसता सरळ बदलतो. भरताना गाडी वाऱ्याच्या कुठल्या बाजूला लावायची हे मामांनी बाकीच्या पोरांना शिकवलं. त्याला पैसे पडले नाहीत.

नवी गाडी बीएस-६ घेतली. तिला सीके-४ ऑईल, आणि मॅन्युअलमधलं बदलीचं अंतर वाचून मिस्त्रींनी चष्मा काढून पुन्हा घातला. बायपास लावला तर वॉरंटीचं काय, असं डीलरला लेखी विचारलं. उत्तर तोंडी आलं, "नका लावू." त्या गाडीला सध्या फक्त सँपलची बाटली.